भाऱ्याला हात

ईशान, रेवा,

मागच्या महिन्यात ईशानने फोनवर विचारलं होतं, "आजी, चांगला दिग्दर्शक आणि मोठा दिग्दर्शक यांत नेमका फरक काय, असा निबंध आहे. तुझे ते डायरेक्टर दीर असते तर त्यांनाच विचारलं असतं." मी तेव्हा इकडचं तिकडचं सांगून फोन ठेवला. निबंध तू केव्हाच देऊन टाकला असशील. पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाऊजींचं वर्षश्राद्ध झालं. पोशीरच्या घरी पंगतीला जेमतेम दोन रांगा बसल्या. भाताचं बोलणं झालं, जागेच्या भावाचं झालं, कुणाच्या नातवाला साजगावच्या कारखान्यात नोकरी लागली त्याचं झालं. त्यांच्या सिनेमाचं नाव एकानेही काढलं नाही. घरी आल्यावर ठरवलं, ईशानला उत्तर लिहूनच पाठवायचं. क्रमाने लिहिते. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहिता येत नाही.

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. गावात लहानथोर त्यांना 'डायरेक्टर'च म्हणत, आणि तेही त्यांनी एकही सिनेमा केलेला नव्हता तेव्हापासून. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्याच लग्नात. सगळा मांडव आमच्याकडे बघत होता आणि हा विशीतला माणूस आमच्याकडे पाठ करून उभा. मला वाटलं, दिराला लग्न पसंत नाही. चार-सहा दिवसांनी धीर करून विचारलं तर म्हणाले, "तसं नाय वयनी. तुमच्या मोठ्या काकांना बघत व्हतो. मंगलाष्टकं संपली तरी त्यांनी अक्षता टाकल्याच नायत. मूठ तशीच धरून रडत व्हते." माझे मोठे काका म्हणजे कर्जतच्या बाजारपेठेतले कडक व्यापारी. आमच्या घरात त्यांना रडताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. मीही पाहिलं नाही, माझ्याच लग्नात.

ही त्यांची कायमची सवय होती. भजनाला गेले तर बुवांकडे न बघता मागे भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याकडे बघत. भांडण लागलं तर भांडणाऱ्यांकडे नाही, दारात उभ्या राहिलेल्या सुनेकडे. "ज्याच्याकडं कोन बघत नाय ना, त्याच्याकडं बघावं. तो खरा असतो," असं म्हणत. तुमचे आजोबा चिडवायचे, "आमचा भाऊ जेवनावळीला जातो नि जेवनाऱ्यांची तोंडं बघून उपाशी परत येतो." त्यावर भाऊजी म्हणत, "तुजं तोंड तर बघवत पन नाय. पंगतीत भात कालवतोस का चिखल?"

आपल्या डोंगराच्या पायथ्याला आणि पुढे खालापूरच्या बाजूला शूटिंगवाले पहिल्यापासून येतात. भाऊजी शेतावरून थेट त्यांच्यात गेले आणि तिथेच राहिले. गर्दी जमवणं, गर्दी हटवणं, कुत्री गप्प करणं, नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना "जरा थांबा गं" म्हणणं, यातून चढत चढत सहायक दिग्दर्शक झाले. पण नेहमी दुसऱ्याचे सहायक. पडद्यावर नावं सरकतात तेव्हा लोक उठून दाराकडे निघालेले असतात, त्या वेळी त्यांचं नाव यायचं.

त्या वर्षांतल्या दोन साहेबांबद्दल ते फार बोलत. पहिले साहेब अतिशय शिस्तीचे. सकाळी कागदावर काढलेलं चित्र आणि संध्याकाळी कॅमेऱ्यात आलेलं चित्र यांत सुईच्या टोकाचा फरक नसे. दुसऱ्या साहेबांची गोष्ट वेगळी. नदीच्या पुलावर क्रेन लावून त्यांनी एक शॉट घेतला, दिवसचे दिवस घेतला. ऊन बरोबर पाहिजे, पाणी बरोबर पाहिजे. शॉट असा झाला की सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. आणि सिनेमा लागला तेव्हा तो शॉट त्यात नव्हताच. भाऊजींनी धीर करून कारण विचारलं. साहेब म्हणाले, "तो शॉट बघताना लोक म्हणतील, वा, काय डायरेक्टर आहे. पुलावर उभ्या बाईचं काय झालं हे विसरतील." भाऊजी हे सांगून झालं की दर वेळी म्हणत, "माज्याच्यानं नसता निघाला तो शॉट, वयनी. माजा जीव गेला असता."

त्यांना स्वतःला काय येत होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचं एक नाटुकलं होतं. भाऊ कायमचा परदेशी निघालाय आणि बहिणीने रडायचं. ती मुलगी रडायला लागली की सगळा वर्ग हसायचा. मी भाऊजींना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "रडू नको गं तू. रडायचं नायच. त्याची बॅग भर. कपडे भरून झाले की चेन लाव. चेन लागत नाय असं कर." बस, एवढंच. कार्यक्रमाच्या दिवशी ती मुलगी गुडघा टेकून बॅगेची चेन ओढत राहिली, ओढत राहिली, आणि पालकांच्या रांगांतून नाक पुसल्याचे आवाज यायला लागले. मी मागे वळून पाहिलं. भाऊजी दाराशी उभे होते. अर्थात मुलीकडे बघत नव्हते.

स्वतःचा सिनेमा त्यांना मिळाला तोवर केस पांढरे झाले होते. साजगावच्या कारखान्यांना लोखंडी पत्रे पुरवणारे एक शेटजी होते, त्यांना आपलं नाव पडद्यावर बघायची हौस. भाऊजींनी गोष्ट आधीपासून तयार ठेवली होती. दोन जावा. एका बांधाच्या अलीकडे एकीचं शेत, पलीकडे दुसरीचं. कधीतरी कशावरून तरी वाजलं आणि तेव्हापासून एकमेकींशी बोलणं बंद. सगळा सिनेमा त्या न बोलण्याचा. शेवटच्या प्रसंगात धाकटी शेतात एकटी, भाताचा भारा डोक्यावर घेऊ बघते, आणि थोरली बांध ओलांडून येते, भाऱ्याला हात लावते आणि एक शब्द न बोलता परत जाते.

मी बाजारपेठेतली. मला त्यात एवढं काय ते कळेना. त्यांनी स्वयंपाकघरात बसून समजावलं. कापलेलं भात वाळलं की त्याचा भारा बांधून डोक्यावरून खळ्यावर न्यायचा. भारा गुडघ्यापर्यंत कुणीही उचलेल, पण तिथून डोक्यावरच्या चुंबळीवर एकटीला चढवता येत नाही. दुसरा हात लागतोच. म्हणून रीत अशी, की भाऱ्यापाशी बाई वाकलेली दिसली की जो कुणी जवळ असेल त्याने हातातलं टाकून जायचं. वैरी असला तरी जायचं. "भाऱ्याला हात नाय लावला असा मानूस मी आपल्याकडं पायला नाय," भाऊजी म्हणाले. "खून केलेला पायलाय. हा नाय."

दिवाळीनंतर पोशीरच्या शेतात शूटिंग झालं. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी मीही गेले होते. धाकटीचं काम करणाऱ्या बाई मुंबईच्या नाटकातल्या, फार मेहनती. भारा खरा हवा म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. मागे कापणी करायला गावच्याच बायका, त्यांत आमची काशीआत्या. काशीआत्या ही तुमच्या आजोबांची चुलत आत्या. साठी उलटलेली, तोंडाने फटकळ, कंबरेत वाकलेली आणि तरी विळा हातात असला की तरण्या सुनांच्या पुढे.

कॅमेरा सुरू झाला. बाई वाकल्या, भारा गुडघ्यावर घेतला, तोल गेला, पुन्हा घेतला. थोरलीने बांधावरून बघायचं, थांबायचं, मग यायचं. एवढ्यात काशीआत्या विळा टाकून तरातरा आली आणि भाऱ्याला हात लावून मोकळी झाली.

"कट! अगं आत्ये, तू कशाला आलीस?"

"मंग काय बघत बसू? मान मोडंल की तिची!"

"अगं खोटं हाय ते!"

"भारा तर खरा हाय ना?"

सगळे हसले. भाऊजीही हसले. पुन्हा कॅमेरा सुरू झाला. काशीआत्या दात-ओठ खात जागेवर राहिली, पण दुसऱ्या बाजूने कापणाऱ्या बायकांतली पारूबाई धावली. पुढच्या खेपेला तर एकही बाई हलली नाही, तेव्हा रस्त्याने चाललेला दूधवाला, ज्याचा शूटिंगशी काही संबंध नव्हता, त्याने मोटारसायकल थांबवली, बांधावरून उडी मारली आणि "आलो, आलो, थांबा ताई" म्हणत सरळ कॅमेऱ्यासमोरून आत घुसला. बाई गोंधळल्या. त्यांनी दूधवाल्याकडे असं पाहिलं, की मला अजून ते तोंड आठवतं. हसू होतं, शरम होती आणि आणखी काहीतरी होतं. थोरली बांधावर तशीच उभी. ती यायच्या आत कुणीतरी आलेलं होतं.

आता भाऊजी हसत नव्हते. ऊन उतरत होतं. ते ओरडायला लागले. त्यांना इतकं चढ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "अक्कल हाय का नाय? एक शॉट नीट घेऊन देत नाय तुमी लोक! ज्याचं त्यानं काम करा!" बायका मागे सरल्या. रस्त्यावर माणसं उभी केली, दोरी बांधली. मला म्हणाले, "वयनी, आत्येचा हात धरून हुबं ऱ्हावा. सोडू नका." मी काशीआत्याचं मनगट धरून कॅमेऱ्याच्या अगदी कडेला उभी राहिले. बाई भाऱ्याशी झटत होत्या आणि माझ्या मुठीत ते मनगट ओढ घेत होतं. आत्या पुटपुटत होती, "सोड गं सूनबाई. सोड की."

शॉट झाला. थोरली आली, हात लावला, गेली. मावळतीचं ऊन नेमकं भाऱ्यावर पडलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी डोळे पुसले. त्या दिवसभर त्यांनी कॅमेऱ्यासमोरच्या बाईवरून नजर काढलेली नव्हती. जन्मभर कडेला बघणारा माणूस, पण स्वतःच्या सिनेमात त्याने मधोमध बघितलं.

शूटिंग आवरलं की ठरलेला शॉट ठेवून बाकीचे खराब झालेले पुसून टाकायचे, अशी त्यांची शिस्त होती. डिस्कमध्ये जागा कमी, दुसऱ्या दिवशीला लागते. फिल्मच्या काळी पहिले साहेब खराब शॉट ठेवून घेत नसत, त्यांच्याकडून उचललेली. त्या संध्याकाळीही त्यांनी समोर बसून सगळं पुसून घेतलं. आत्या, पारूबाई, दूधवाला, सगळं.

जवळजवळ दोन महिन्यांनी ते मुंबईहून एडिटिंग अर्धवट टाकून आले. दुपार होती. ओटीवर बसले, चहा दिला तो तसाच ठेवला. मी विचारलं, बरं नाही का.

"वयनी, शेवट चुकला."

मी म्हटलं, "अहो, सगळे म्हणतात शेवटच उत्तम आहे."

"उत्तमच हाय. तोच तर चुकला." मग सांगू लागले. "मी दोन जावांचा सिनेमा केला. एक बाई भारा उचलते नि जिनं यायचं ती हुबी ऱ्हाते, तवर सगळा गाव धावतो, वाटंचा दूधवाला धावतो, नि ती बांधावर हुबीच. तिला यायला जागाच ऱ्हात नाय. हा शेवट व्हता. माज्या समोर येऊन तीन खेपा नाचला. मी त्याला हाकलला. दोरी बांधून हाकलला."

मी काहीतरी समजूत घातली. ते ऐकत नव्हते.

"चांगला डायरेक्टर म्हंजे काय, जे ठरवलं ते आनतो. मोठा म्हंजे, ठरवलं त्याच्यापरीस आलं ते मोठं हाय, हे त्याला तिथल्या तिथं कळतं. मला पन कळलं. पुसून झाल्यावर कळलं."

शेटजींना त्यांनी पुन्हा शूटिंगचं विचारलं. शेटजी प्रेमाने बोलले, पण बोलले असं, की "डायरेक्टरसाहेब, सिनेमा झालाय. चांगला झालाय. आता त्याला नख लावू नका." नाटकातल्या बाई दुसऱ्या कामात अडकल्या होत्या. तरीही पुढच्या कापणीला भाऊजी एका भाड्याच्या कॅमेऱ्याने तो प्रसंग परत घ्यायला निघाले. पहिलं शेत राहिलं नव्हतं. तिथे बंगल्यांची स्कीम आली होती, भोवती भिंत आणि फाटकावर पहारेकरी. दुसरं शेत शोधलं. भाचीला भाऱ्यापाशी उभं केलं. काशीआत्या, पारूबाई, सगळ्यांना कापणीला लावलं. कुणाला काही सांगितलं नाही, नुसता कॅमेरा सुरू केला.

भाची वाकली. भारा गुडघ्यावर घेतला. तोल गेला. पुन्हा घेतला.

कुणी हललं नाही.

भाऊजी वाट बघत राहिले. भाचीचे हात भरून आले, भारा खाली पडला. बायका विळे थांबवून, हसऱ्या तोंडाने, कौतुकाने बघत होत्या. शेवटी भाऊजी म्हणाले, "अगं आत्ये, हात लाव ना तिला."

काशीआत्या तिथूनच म्हणाली, "नाय बाबा. आता आमी मधी येनार नाय. तू घे तुजं शूटिंग नीट. मागल्या बारीला किती वरडलास."

त्यांनीच शिकवलेलं होतं ते. भाऊजींनी कॅमेरा बंद केला, भाचीला भारा स्वतः चढवला आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

सिनेमा लागला. खोपोलीला थोडे दिवस चालला, कर्जतला त्याहून थोडे. एका वाहिनीने दाखवला. कुणी वाईट म्हटलं नाही. आमच्या नात्यातले सगळे भेटले की म्हणत, "डायरेक्टर, चांगला केलास हां सिनेमा." तो शब्द ऐकला की ते मान खाली घालत. लोकांना वाटे, विनय आहे. नवा सिनेमा का करत नाही, असं विचारलं तर म्हणत, "ज्याला मोठं म्हंजे काय ते कळत नाय, तो सुखानं चांगले सिनेमे करतो. मला कळलंय. माजं आता काय व्हायचं नाय." मी पुष्कळ सांगून पाहिलं. शाळेतल्या मुलांना सांगतात तसं, प्रयत्न करा वगैरे. त्यांनी ते ऐकून घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

शेवटच्या आजारात त्यांना आमच्याकडे कर्जतला आणलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या ते तो सिनेमा लॅपटॉपवर लावत, पण नेहमी फक्त शेवट. मला वाटे, स्वतःला शिक्षा करून घेताहेत, आणि एकदा मी जरा रागावूनच म्हटलं, "पुरे करा आता, भाऊजी. काय मिळतं त्यातून?"

त्यांनी मला जवळ बसवलं आणि चित्र थांबवलं. मधोमध बाई, भारा, मावळतीचं ऊन. त्यांनी बोट ठेवलं ते मात्र पार उजव्या कडेला. तिथे एक हात पुढे आला होता. बांगड्या, मनगट, आणि मनगटावर दुसऱ्या कुणाची तरी मूठ. त्यांनी पुढे चालवलं. हात झटकन मागे ओढला गेला. पापणी लवावी एवढाच वेळ.

"हा बघा. माज्या सिनेमात मोठ्या डायरेक्टरचा शॉट एवढा एकच हाय. आनि तो मी घेतलेला नाय."

ते हसले. मला हसता आलं नाही. काशीआत्या त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊजी गेले. जाताना शुद्धीवर नव्हते, त्यामुळे त्यांनी काही शेवटचं वगैरे म्हटलं नाही.

आता इकडे भारे फारसे बांधत नाहीत. यंत्र शेतात येतं, तिथल्या तिथे भात वेगळं करून पोती भरून देतं. ज्यांची शेतं उरलीत त्यांचं काम सोपं झालं, हे चांगलंच आहे. पण भाऱ्यापाशी वाकलेली बाई दिसली की धावायचं, हे आता कुणाला शिकवणार आणि कुठे? माझ्या भाचेसुनेला मी 'भाऱ्याला हात' म्हटलं तर तिला वाटलं, कुठल्यातरी सणाचं काही आहे. वाहिनीने तो सिनेमा पुन्हा दाखवलेला नाही. शेटजींच्या मुलाला विचारलं तर त्याला तो कुठे ठेवलाय ते माहीत नाही. शोधतो म्हणाला, पण तो शोधणार नाही. भाऊजींच्या लॅपटॉपमधून काढलेली एक प्रत माझ्याकडे आहे, तिचीच प्रत तुमच्या आईबरोबर पाठवते आहे.

ईशान, तुला वर्गात काय शिकवतात मला ठाऊक नाही. मला जे ठाऊक आहे ते वर लिहिलं. सिनेमा पहिल्यापासून नाही पाहिलास तरी चालेल. शेवटचा प्रसंग लाव आणि उजव्या कडेला बघ. काशीआत्याचा हात तिथे अजून आहे.

तुमची,
आजी